त्र्याण्णव मार्कांचा डबा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घ्या! आता स्फोट होईल की नाही, हे मोबाईल सांगणार!

सकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. राधेश्यामजी खुशीत असले की टेबलावर बोटांनी तबला वाजवतात. आज तर पार तिहाईपर्यंत गेल्ते. समोर एक पोरगी. पंचविशीची, पाठीवर बॅग, हातात दोन-दोन मोबाईल. "उमाताई, या प्रियदर्शनी. पुण्याच्या कंपनीकडून आल्या. आता तुमचं काम एकदम हलकं!" इलेक्ट्रिकल इन्चार्जचं, म्हणजे माझं, काम हलकं करायला आलेला प्रत्येक माणूस आजवर मलाच जड गेला आहे.

पोरगी मूळची परतूरची. बोलणं मात्र पार डेक्कनचं. "मॅम, आमचं एआय फोटो बघून इक्विपमेंट सेफ आहे का ते सांगतं." मी म्हटलं, आमचं सोयाबीनचं तेल कसं निघतं, माहीत आहे का? म्हणे, हेक्झेनने. म्हटलं, बरं, एवढं तरी वाचून आली.

मंग तिला एकदाच नीट सांगितलं. बाई, हेक्झेन म्हणजे पेट्रोलची सख्खी बहीण. वाफ डोळ्यांना दिसत नाही, जमिनीलगत पसरत जाते. स्विच दाबला की आत ठिणगी पडतेच, ती कुणाच्या बापाला चुकत नाही. म्हणून आमचे स्विच, जोड, दिवे सगळे जाडजूड फ्लेमप्रूफ बॉक्समध्ये बंद. आत भडका झाला तरी चालेल. झाकण आणि बॉक्स यांच्या मधली फट इतकी बारीक ठेवलेली असते की ज्वाळा तिच्यातून बाहेर येईस्तोवर गार होते. सगळ्या प्लांटचा जीव त्या फटीत आहे. आणि फट फोटोत दिसत नाही!

"मॅम, आमच्या मॉडेलने लाखो फोटो बघितलेत."

"मी पण लग्नाचे अल्बम लई बघितलेत. त्यावरून कुणाचा संसार कळला का?"

शेठ हसले. ती पण हसली. कोडगी!

मंग वरात एक्स्ट्रॅक्शनमध्ये, हेक्झेनने तेल काढतात त्या विभागात. मोठ्या मोटरीचा बॉक्स उघडला. सगळ्यात चांगला ठेवलेला बॉक्स आहे तो, आमच्या कारभारी वायरमनने माझ्या सांगण्यावरून झाकणाच्या कडांना ग्रीस लावून ठेवलेला. तिने फोटो काढला. मोबाईल जरा वेळ गरगरला आणि बोलला — हो, बोलतो पण! बाईच्या गोड आवाजात! — "काळे डाग. अस्वच्छ पृष्ठभाग. गंजाची शक्यता. गुण एक्केचाळीस. नापास." अगं बये, ते गंज चढू नये म्हणून लावलेलं ग्रीस आहे! तेच तर पाहिजे तिथं!

मी शेठकडे पाहिलं. शेठ कारभारीकडे पाहून राह्यले होते. कारभारीचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा.

शेठना हे खूळ कुणी भरवलं तेही कळलं. गुजरातकडचं मोठं गिऱ्हाईक म्हणतं, डिजिटल सेफ्टी सर्टिफिकेट दाखवा, तरच तेलाचा सौदा. म्हणजे आता ॲपवर हिरवं आणि कागदावर माझी सही, दोन्ही पाहिजे. दसऱ्याला मुहूर्त. दसऱ्याला हेक्झेन भरायचं आणि सीझन सुरू!

जाताना भुजंग भेटला. एक्स्ट्रॅक्शन चालवतो तो, वडीगोद्रीहून रोज मोटरसायकलवर येतो. त्याची उभी पाळी त्या वाफेत जाते. म्हणाला, "मोबाईल काय बी म्हणू द्या मॅडम. तुमची सही असली की मी आत जातो, न्हाई तर न्हाई."

शहाणा माणूस.

१३ सप्टेंबर

जगन्नाथरावांना जेवताना सगळं सांगितलं. नवऱ्याने बायकोच्या बाजूने बोलावं अशी काही पद्धत आहे का जगात? भाताचा डोंगर फोडत म्हणाले, "तुला नवीन काही पटतच नाही. मिक्सर आणला तेव्हा पण वर्षभर पाट्यावरच वाटत होतीस."

चटणी पाट्यावरचीच चांगली होते. अजून सांगते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या प्लांटचे फोटो काढून झाले. प्रियदर्शनी पुढे, मोबाईल पुढे, मी मागे. वरमाईच्या मागे करवली चालावी तशी! जवळजवळ सगळे नापास. पास कोण, तर पंपाजवळचा तो एक बॉक्स. सत्त्याऐंशी! त्या बॉक्सचे मागच्या बाजूचे दोन बोल्ट उन्हाळ्यातच गळून पडले आहेत. मी स्वतः तिथं खडूने फुली मारून ठेवली आहे, बदलायचा म्हणून. पण फुली मागे, आणि फोटो पुढून! पुढून दिसायला गोरागोमटा, म्हणून पास.

आपल्याकडे पोरी पण अशाच पसंत करतात म्हणा.

ॲपवर हिरवं आलं की स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडतात आणि बाई म्हणते, "अभिनंदन!" शेठना ते फार आवडलं. तीनदा बघितलं. मंग माझ्याकडे वळून, "उमाताई, एवढे वर्ष तुम्ही बघून राह्यल्या, आणि सगळे नापास?"

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेठ कारभारीला दमात म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मला सगळं हिरवं पाहिजे. काय करायचं ते कर, बिलकुल कारण सांगू नको."

काय करायचं ते कर! हे वाक्य या जिल्ह्यातल्या किती खड्ड्यांचं मूळ आहे, कुणी तरी शोधावं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज लई दिवसांनी पोट धरून हसले.

दुपारच्या सुट्टीत माझा जेवणाचा डबा ठेवला मोटरीशेजारी. स्टीलचा, तीन खणी, वरचं झाकण जरा चेमटलेलं. त्या पोरीने माझ्या मोबाईलवर पण ॲप टाकून दिलं आहे, "तुम्हालाही सवय व्हावी मॅम" म्हणून. काढला डब्याचा फोटो. गरगर, गरगर.

"मजबूत धातूचं आवरण. घट्ट झाकण. गंज नाही. स्फोटक वातावरणात वापरास योग्य. गुण त्र्याण्णव. अभिनंदन!"

आणि वर कपटे!

आत भेंडीची भाजी होती. भुजंग तर खालीच बसला हसून हसून. म्हणाला, "मॅडम, मंग स्विच बसवू का याच्यात? भेंडी चिकट असते, फट बी बुजून जाईल!"

तसाच्या तसा फोटो पाठवून दिला प्रियदर्शनीला. खाली लिहिलं, तुमच्या पोराचं प्रगतिपुस्तक. शेठना पण दाखवला. शेठनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "त्र्याण्णव! म्हणजे स्टील चांगलंय. कुठून घेतला डबा?"

गाढवापुढे वाचली गीता!

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजचा रंग पांढरा म्हणे. ऑफिसातल्या सगळ्या बाया पांढऱ्यात. तेलाच्या कारखान्यात पांढरा! संध्याकाळपर्यंत सगळ्या भज्यासारख्या तेलकट. मी माझी खाकी.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रियदर्शनीचा फोन. डब्याचा राग आला असेल म्हटलं, आता भांडू, मजा येईल. पण पोरगी भांडेना. "मॅम, डबा आम्ही ट्रेनिंगमध्ये टाकतोय. पण एक विचारायचं होतं. ती फट... ती मोजतात कशाने?"

कशाने मोजतात! लाखो फोटो बघितले, आणि फट कशाने मोजतात ते विचारून राह्यली! म्हटलं, फिलर गेज नावाची वस्तू असते. पातळ पातळ पट्ट्यांचा जुडगा. पट्टी फटीत गेली की समजायचं फट वाढली. "आणि फट वाढते कशाने, मॅम?" म्हटलं, गंजाने, ठोकाठोकीने, आणि कुणी अतिशहाण्याने घासल्याने. त्या कडा कारखान्यात मशीनवर घासून सपाट केलेल्या असतात, त्यांना परत हात लावायचा नसतो. लिहून घे.

"लिहून घेतलं, मॅम."

खरंच लिहून घेत होती, टकटक ऐकू येत होती. हसावं की रडावं? उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी चढलेला असतो. ही अजून उंट कुठे मिळतो ते विचारून राह्यली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या भोकरदनला, माहेरी. देवीची ओटी भरायची. आईचा फोनवर फोन — "तुझ्या फॅक्टरीला देवी माहीत आहे का?" दोन दिवसांत परत येईन.

कारभारीला बजावलं, मी येईस्तोवर कशाला हात लावायचा नाही. ॲपला लाल म्हणू दे नाही तर जांभळं म्हणू दे, मी शेठना बघते. तो म्हणाला, "जी मॅडम. पण खंडेनवमीचं धुणं-पुसणं तर करायचंच ना? पूजेत ठेवायचंय सगळं." म्हटलं, पुसा की. दरसालचंच आहे.

२८ सप्टेंबर

भोकरदनमध्ये अडकले. पुलावरून पाणी, एसटी बंद. आई खूश! पुरणपोळ्या लाटून राह्यली आहे. सोयाबीन शेतात उभं कुजून राह्यलं आणि इथं पुरणपोळ्या. खाल्ल्या मात्र चार.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी पोचले. गेटवरच वॉचमनने पेढा दिला. "मॅडम, सगळं पास!" आत गेले. एक्स्ट्रॅक्शन म्हणजे नवरीचा मांडव! सगळे बॉक्स सिल्व्हर रंगाने चमाचम. नेमप्लेटवरून पण रंग फिरवलेला, कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, काही वाचता येत नाही. ॲप म्हणतं, "नेमप्लेट अस्पष्ट. एकूण स्थिती उत्कृष्ट. सत्त्याण्णव." एकेका बॉक्सला! शेठ तबला वाजवून राह्यले होते, थेट मोटरीच्या पंख्यावर.

रंग बाहेरून आहे, खरवडता येईल, असं मनात म्हटलं. मंग कारभारी हसत हसत म्हणाला, "मॅडम, आतून तर बघा!"

झाकण उघडलं त्याने. कडा आरशासारख्या. माझं तोंड दिसून राह्यलं त्यात.

ग्राइंडरला पॉलिशचं चाक लावून घासल्या होत्या. सगळ्या. एकूण एक बॉक्सच्या. ग्रीस पुसून, घासून, चकचकीत करून! "फोटोत काळं दिसतं म्हणून नापास होतं ना मॅडम. आन् देवीपुढं ठेवायचं, तर म्हटलं दागिन्यावानी करावं. सगळ्या पोरांनी रातपाळ्या केल्या." दागिन्यावानी! दरसाल पाने, मोटरी, ट्रॉल्या धुऊन-पुसून, रंगवून पूजेत ठेवतात, मला माहीत आहे. जेवढं चमकेल तेवढी देवी प्रसन्न. यंदा देवीच्या जोडीला मोबाईल पण प्रसन्न करायचा होता!

मी झाकण परत बसवायला लावलं, बोल्ट आवळले, फिलर गेज काढलं. पट्टी गेली. जाड पट्टी घेतली. ती पण गेली. त्याहून जाड. लोण्यात सुरी जावी तशी.



दुपारी प्रियदर्शनी आली, सर्टिफिकेटची फाईल घेऊन. आज तोंडाला आलं ते बोलले. तुझ्या मोबाईलपायी हे झालं. चमकतं तेवढंच त्याला कळतं. कावळ्याला पण तेवढंच कळतं. ती उभी राहून ऐकत होती. मंग म्हणाली, "ताई, मला दाखवता का मोजून?" मॅमची ताई कधी झाले, कळलं नाही.

मंग मोजत गेले. ती बॅटरी धरून, मी पट्टी घालून आकडा बोलायचे, ती मोबाईलमध्ये टाकायची. प्रत्येक वेळी विचारायची, "म्हणजे आत भडका झाला तर इथून ज्वाळा बाहेर?" हो. "आणि बाहेर वाफ?" हो. "आणि इथं कोण उभं असतं?"

म्हटलं, भुजंग.

तिने बॅटरी पुढच्या फटीवर धरली. अभ्यासाची लई हौस! आता काय उपयोग? घोडं गंगेत न्हालं, आणि ही लगाम शोधायला आली. सगळी झाकणं नवीन मागवावी लागणार. महिना तरी जाईल. उद्या शेठना सांगायचं. सही नाही म्हणजे नाही. माझ्या मेल्यावर घ्या म्हणावं अंगठा!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, दुपार

सकाळी आधी म्हटलं निदान दोन-चार बॉक्स उघडून शेठना डोळ्यांनी दाखवू. कारभारीला पाना मागितला. त्याने जीभ चावली. "मॅडम, पाने पूजेत मांडलेत. आज हत्याराला हात लावत न्हाईत." बघितलं तर खरंच, पाटावर ओळीने पाने, पक्कड, हातोडी, माझं फिलर गेजसुद्धा! हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. फिलर गेजला फूल! ज्याने आज बोलायला पाहिजे, तेच देव होऊन बसलं.

शेठ म्हणाले, आरती आत एक्स्ट्रॅक्शनमध्ये फिरवू. आज हेक्झेन नाही, मान्य. पण उद्या टाकी भरल्यावर पण फिरवायची म्हणे, पाहुण्यांसमोर. निरांजन! पेटलेलं! मी नको म्हटलं, तर म्हणाले, "देवीच्या निरांजनाने कधी आग लागती का ताई?" एवढं तरी माझं चाललं — आरती गेटबाहेर.

मंग केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. फट, पट्टी, भडका, सगळं. शेठनी तबला थांबवला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. हळू आवाजात म्हणाले, "उमाताई, तुम्ही म्हणता ते बराबर. मंग बॉक्स खराब केले कोणी?"

नाव त्यांनीच घेतलं.

"कारभारीने. बराबर? असंच लिहून द्या. कारभारीने माल खराब केला म्हणून सही देत नाही. मी त्याला आजच घरी पाठवतो, आणि नुकसान त्याच्याकडून. नाही तर सही करा. पंधरा दिवसांत एकेक झाकण बदलून घेऊ, प्लांट चालता चालता."

म्हटलं, शेठ, तुम्हीच म्हणालात ना, काय करायचं ते कर? ॲप नापास म्हणालं म्हणून घासलं त्याने!

"ॲपने घास म्हटलं का? मी घास म्हटलं का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! दारात कारभारी उभा होता. कपाळावर कुंकवाचा मळवट, हातात प्रसादाची वाटी. सगळं ऐकत होता. माझ्याकडे बघत नव्हता, वाटीकडे बघत होता. त्याची पोरगी यंदा बारावीला आहे.

आणि ती प्रियदर्शनी! कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मोबाईलमध्ये डोकं घालून. एक शब्द नाही. मिठाची गुळणी धरून बसली होती. कंपनीचा सौदा बुडेल ना! काल बॅटरी धरताना मला क्षणभर वाटलं होतं, या पोरीत काही तरी आहे. काही नाही. रिकामा डबा. त्र्याण्णव मार्क!

शेठनी कागद पुढे सरकवला. पेनाचं टोपण पण स्वतःच काढून दिलं.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

सही केली.

कारभारीसाठी केली, असं घरी येईस्तोवर स्वतःला सांगत होते. जगन्नाथरावांना पण तसंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस, गरिबाचं वाचलं." खोटं आहे. शेठ तसे हळू बोलले आणि मला भीती वाटली. महिनाभर प्लांट बंद, सगळ्या कामगारांच्या नजरा, शेठची नजर, "मॅडममुळं आडलं." मला ते नको होतं. बाकी सगळ्यांना नावं ठेवायला माझी जीभ कशी सुरीसारखी चालते! पेन हातात आलं तर ते बी गपगुमान चाललं.

बाहेर पडताना भुजंग गेटवर. "झाली का सही, मॅडम? मंग उद्या स्विचवर आपलाच हात. नवा शर्ट घेतलाय. द्वारका बी येणार हाय बघायला, तिनं कधी प्लांट बघितलाच न्हाई." द्वारकाबाई त्याची बायको.

मी हो म्हणाले. आणखी काय म्हणाले? "शर्ट चांगला दिसेल तुला." असं म्हणाले!

टँकर आला आहे. गेटबाहेर उभा आहे, हेक्झेनचा. सकाळी भरणार.

उद्या लवकर जाऊन भुजंगला बाजूला घेऊन सांगेन, तू आज आत जाऊ नकोस. त्याला नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवतील. मंग त्याला पण सांगेन? मंग तिसऱ्याला? अरे वा उमाबाई! प्लांटभर फिरून कानात सांग सगळ्यांच्या, माझी सही खोटी आहे म्हणून!

जेवण गेलं नाही. जगन्नाथरावांनी विचारलं, पोट बिघडलं का. हो म्हटलं.

२ ऑक्टोबर, दसरा

प्लांट सुरू झाला नाही.

मी पोचले तेव्हा मांडवात पाहुणे बसलेले, ते गुजरातचं गिऱ्हाईक पण. शेठनी त्यांना दाखवायला मोठ्या पडद्यावर ॲप लावलं. सगळे बॉक्स लाल. खाली लिहिलं होतं: "या बॉक्सच्या फटी इलेक्ट्रिकल इन्चार्ज उमा मॅडम यांनी ३० सप्टेंबरला हाताने मोजल्या आणि नापास केल्या. आमच्या ॲपने चमक पाहून गुण दिले. गुण वाढावेत म्हणून बॉक्स घासले गेले. चूक ॲपची आहे, कोणत्याही कामगाराची नाही. सर्टिफिकेट रद्द." खाली आकडे, मी बोललेले, एकेक. त्याखाली प्रियदर्शनीचं पूर्ण नाव. शेठ उभ्याउभ्या तिच्या कंपनीशी फोनवर ओरडले. तिला सकाळीच काढून टाकलं म्हणे.

माझ्या सहीचा कागद शेठनी मांडवामागे नेऊन फाडला. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. टँकर परत गेला.

मंग भुजंग आला, नव्या शर्टात, मागे द्वारकाबाई. आपट्याची पानं दिली. "तुमच्यामुळं वाचलो मॅडम. तुम्ही मोजलं म्हणून." दोघंही पाया पडले. मी पाय मागे घेतले नाहीत, आणि कालच्या सहीचं नाव पण काढलं नाही.

दुपारपासून प्रियदर्शनीला फोन लावून राह्यले. बंद लागतो. तिच्यासाठी ठेवलेली पानं पर्समध्ये तशीच आहेत.